एका रिंगवरचा संघ

तुमच्या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉलचा संघ होता का? असला, तर त्याचा एक तरी सामना तुम्ही पाहिलात का? गाडी लावता लावता, हेल्मेट हातात धरून पाहिलेला मी धरत नाही. बसून, शेवटची शिट्टी होईपर्यंत पाहिलेला सांगा.

हा प्रश्न मला पडला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि बास्केटबॉलमधलं मला काहीही कळत नव्हतं. कळायचं ते पत्रकांमधलं. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. बाबा विदर्भातून हडपसरच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा ट्रंकेत दोन शर्ट होते आणि बाकी सगळी पत्रकं, असं आई सांगते. त्यात तिची तक्रार असते की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जयंतीची पत्रकं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची, कामगारांच्या सभेची, वस्तीतल्या नळाची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या डोक्यात जगाची मांडणी अगदी सरळ होती. वर एक प्रश्न, मध्ये अन्याय, खाली मागण्या. आणि समोर 'ते'. 'ते' नसतील तर पत्रक लिहायचं कुणाविरुद्ध?

म्हणून संघाची कॅप्टन माझ्याकडे आली. मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली. वाणिज्य शाखेची, तिसऱ्या वर्षाची, काखेत बॉल, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या वाटाव्यात.

"फी वाढली तेव्हा भाषण केलेली तूच का?"

"हो."

"मग आमच्यासाठी एक पत्रक लिही. आमचं कोर्ट चाललंय."

"कुठं चाललंय?"

"पार्किंगला."

आमचं कॉलेज हडपसरच्याही पुढे, जिथे कधीकाळी उसाची शेतं होती आणि आता एका बाजूला आयटी पार्कची काच आणि दुसऱ्या बाजूला भाजीचा बाजार आहे. इमारतीच्या मागे सिमेंटचं एक मोठं अंगण. त्यावर बास्केटबॉलचं कोर्ट आखलेलं, पण खांब एकच. एकच रिंग. दुसरा खांब काही वर्षांपूर्वी दुचाक्यांची शेड वाढवताना कापला होता. तो गंजलाच होता, असं सगळे सांगायचे, जणू गंजलेली गोष्ट परत बसवता येत नाही. आता शेड आणखी वाढवायची होती. म्हणजे उरलेलं अर्धं कोर्टही जाणार.

कॅप्टन प्राचार्यांना भेटून आली होती. त्यांचं बोलणं तिने मला जसंच्या तसं ऐकवलं, आवाज काढून. "आपल्याकडे खेळणाऱ्या मुली सात. दुचाकीवरून येणारे किती, ते तुम्हीच सांगा. मी कुणाचा विचार करू?" ती म्हणाली, सर, सामने आहेत. तर ते म्हणाले, "सामने दरवर्षी असतात हो. तुम्ही कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेलात का? एकदा जिंकून या, कोर्ट राहील. नाहीतर दिवाळीनंतर शेड."

इतकंच होतं सगळं. पहिली फेरी जिंकली तर कोर्ट, हरली तर शेड. कॅप्टनचं हे शेवटचं वर्ष. तिला स्वतःसाठी त्या कोर्टाचा फार तर तीन महिने उपयोग होता. तरी ती माझ्यासमोर अशी उभी होती की कोणी तिचं घर पाडायला निघालं आहे.

मी म्हटलं, लिहीन, पण आधी बघेन. न बघता लिहिलेलं पत्रक रद्दीवालाही घेत नाही, असं बाबा म्हणतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन वं, आता बॉलवर पण पत्रक का?" आणि डब्यात एक पोळी जास्तीची घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तास सुरू व्हायच्या आधी मी कोर्टावर गेले. कडेला दोन-तीन गाड्या तेव्हाही उभ्या होत्याच. मुली त्या आपल्या आपण ढकलून बाजूला करत होत्या, कुणाला काही न बोलता, जसं आपण अंथरूण आवरतो.

मग त्या खेळायला लागल्या आणि माझी पहिली अडचण झाली. दोन संघ, पण दोघेही एकाच रिंगमध्ये टाकतात. मग कोण कुणाविरुद्ध? मी विचारलं. संघातली सगळ्यात लहान, पहिल्या वर्षाची मुलगी, जिला सगळ्या धाकटी म्हणायच्या, तिने मला समजावलं. "अगं सोप्पंय. तिघी अटॅक करतात, तिघी अडवतात. अडवणाऱ्यांना बॉल मिळाला ना, की तो बाहेर त्या रेषेपर्यंत न्यायचा आणि मग परत आत आणायचा. बाहेरून आणला की तुझा अटॅक."

"आणि सातवी?"

"सातवी पाणी पिते."

नेहमीच्या बास्केटबॉलमध्ये अडवणाऱ्यांना चेंडू मिळाला की त्या दुसऱ्या टोकाच्या रिंगकडे धावतात. इथे दुसरं टोक नव्हतंच. म्हणून 'बाहेरून आणणे'. धाकटी शाळेपासून याच कोर्टावर यायची, तिचं घर कॉलेजच्या भिंतीला लागून होतं. सामन्यासाठी पूर्ण कोर्टावर ती अजून एकदाही उतरली नव्हती. तिचा नेम मात्र असा होता की मला सुरुवातीला वाटलं, या खेळात चेंडू रिंगमध्ये जातोच, त्यात विशेष काही नसतं.

मी रोज जायला लागले. पत्रकाचं निमित्त मागे पडलं आणि कुतूहल पुढे आलं. मी त्यांना इतके प्रश्न विचारायची की त्या मला 'ए पत्रक' म्हणूनच हाक मारू लागल्या.

सगळ्यात मोठा प्रश्न मी सरांना विचारला. सर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. शिवाय शिस्त समितीत तेच, परीक्षेला पर्यवेक्षक तेच, झेंडावंदनाला 'सावधान' म्हणणारेही तेच. पहिल्या फेरीत आमची गाठ कोथरूडकडच्या एका मोठ्या कॉलेजशी पडली होती. त्यांच्याकडे राज्याकडून खेळलेल्या मुली, वसतिगृह, दोन प्रशिक्षक. मी म्हटलं, "सर, खरं सांगा. सात मुली त्यांना हरवू शकतात?"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "आत्ता हरवू शकतात. दिवाळीनंतर नाही."

"म्हणजे काय?"

"अगं, त्यांच्या चांगल्या मुली यंदाच आल्यात. एक साताऱ्याची, एक नाशिकची, एक आणखी कुठली. प्रत्येक मुलगी आपल्या गावात कॅप्टन होती. आज त्यांना एकमेकींची नावं माहीत असतील, सवयी माहीत नाहीत. पास द्यायच्या आधी बघावं लागतं, कोण कुठं आहे. तेवढ्यात आपला हात जातो मध्ये. दोन-तीन महिन्यांत त्या एकत्र मुरतील, मग आपल्याला धुऊन काढतील. म्हणून लहान कॉलेजचा मोसम सुरुवातीला असतो." मग शिट्टी परत तोंडात घालता घालता म्हणाले, "सुरुवातीला आपण मोठे."

मला हे फार आवडलं आणि थोडं संशयास्पदही वाटलं. लहान माणसांची अशी समजूत कोणीतरी काढतंच असतं. मग मी मुद्दाम पाहू लागले की या मुलींना एकमेकींच्या कुठल्या सवयी माहीत आहेत.

पाहिलं ते ऐकूच आलं. बचाव करताना त्या एक शब्द सतत ओरडायच्या: "हाय!" समोरची मुलगी चेंडू घेऊन पुढे सरकली की तिला अडवणाऱ्या मुलीच्या पाठीमागून कोणीतरी ओरडायचं, "हाय!" मग ती मुलगी निर्धास्तपणे पुढे झेपावायची. चुकली तरी मागे दुसरी उभी असायची, आणि त्या दुसरीच्या मागून तिसरी ओरडायची, "हाय!" कुठलीच मागे वळून बघत नसे.

मी कॅप्टनला विचारलं, "हे हाय काय आहे? नमस्कार?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "आमच्याकडं 'आहे' ला हाय म्हणतात. 'मी हाय' म्हणजे मी आहे. तुमच्या पुस्तकात नसंल."

"मग 'आहे' का नाही म्हणत?"

"म्हणून बघ. आ-हे. तेवढ्यात ती पुढं निघून जाते. हाय कसं, एकदम सुटतं तोंडातून."

सरांनी म्हणे मागच्या वर्षी प्रयत्न केला होता. सगळीकडे 'हेल्प' म्हणतात, आपणही म्हणू, चारचौघांत बरं दिसतं. एक आठवडा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. का, ते कॅप्टनने सांगितलं आणि ते मी कुठल्याच पत्रकात वाचलेलं नव्हतं. "हेल्प म्हणजे मागितल्यासारखं वाटतं गं. आपण मागत नाय. आपण सांगतो."

त्या सातजणींपैकी घरी हाय म्हणणाऱ्या तिघीच होत्या. उरलेल्यांमध्ये एक उत्तरेकडून आलेल्या कुटुंबातली, घरी हिंदी बोलणारी. एक आमच्यासारखी विदर्भाकडची. सगळ्यात उंच मुलगी सोसायटीत राहणारी, इंग्रजी माध्यमातली, जिची आई अजून तिला 'हाय काय, आहे म्हण' अशी दुरुस्त करायची. पण कोर्टावर सगळ्या हाय. घरी दुरुस्त होणारा शब्द इथे मात्र सगळ्यांना पाठीमागून धरत होता.

गणपती उठले आणि सामने आले.

आम्ही बसने गेलो, मध्ये एक बस बदलून. सर दारात उभे, बॉलची जाळी कंडक्टरच्या पायात. मोठ्या कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठं?"

"मॅचला," कॅप्टन म्हणाली.

"बघायला?"

"नाही, दाखवायला."

तो बाजूला झाला.

त्यांचं कोर्ट निळं होतं. गुळगुळीत, पांढऱ्या रेषा कालच मारल्यासारख्या, दोन्ही टोकांना काचेच्या फळ्या. धाकटी मधोमध जाऊन उभी राहिली आणि एकदा या रिंगकडे, एकदा त्या रिंगकडे बघत राहिली. मला तेव्हाच काहीतरी लक्षात यायला हवं होतं, पण मीही तेच करत होते.

सरांच्या परवानगीने मी बाकावर बसले, पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल सांभाळायला. बघायला म्हणावं असं कोणी नव्हतं. कट्ट्यावर त्यांच्याच कॉलेजच्या काही मुली, मोबाईलमध्ये. सामना सुरू झाला आणि पहिल्यांदा "हाय!" ऐकू आलं, तशा त्यांनी मान वर केली.

"कोण हाय करतंय?"

"ए, हाय डिअर!" एकीने हात हलवला. मग सगळ्याच. आमची कोणी ओरडली की कट्ट्यावरून एकसाथ, "हाऽऽय!" आणि हात. त्यांच्या बाकावरच्या खेळाडूही हसायला लागल्या. "यार, किती फ्रेंडली टीम आहे!"

उंच मुलीचा आवाज बसला. तिने एकदा हळूच "हेल्प" म्हटलं. मला ते बाकावरून ऐकू आलं आणि कॅप्टन गोंधळून चक्क मागे वळली. तेवढ्यात चेंडू आत गेला.

कॅप्टन तिच्याजवळ गेली. "काय म्हणालीस?"

"हसतायत त्या."

"हसू दे. दात दिसतायत म्हणजे तोंड उघडंय, दम लागलाय."

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ती गोष्ट घडली. त्यांचा फटका रिंगला लागून उडाला आणि धाकटीच्या हातात आला. आमच्या सगळ्या, आणि त्यांच्याही सगळ्या, दुसऱ्या टोकाकडे पळत सुटल्या, जसं पूर्ण कोर्टावर पळायचं असतं. धाकटी पळाली नाही. तिने चेंडू आपटत शांतपणे रेषेपर्यंत बाहेर नेला. वळली. समोर कोणीच नव्हतं. आयुष्यात इतकी मोकळी रिंग तिला कधी मिळाली नसेल. तिने गुडघे वाकवले, हात उंचावला आणि चेंडू काठाला न शिवता जाळीतून खाली आला.

आपल्याच रिंगमध्ये. म्हणजे आपण जिचं रक्षण करायचं तिच्यात.

सगळं कोर्ट थांबलं. आनंद झालेल्या फक्त दोघी होत्या. एक धाकटी, मूठ हवेत. दुसरी मी. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. मीही हा खेळ एकाच रिंगवर शिकले होते ना!

मग वाद झाला. पंचांनी शिट्टी मारून धाकटीला जवळ बोलावलं. नियम असा आहे, हे मला नंतर कळलं, की आपल्याच रिंगमध्ये चेंडू चुकून गेला तर समोरच्या संघाला दोन गुण मिळतात. मुद्दाम टाकला असेल तर मात्र तो नियमभंग, गुण कोणालाच नाहीत. तेव्हा पंचांना ठरवायचं होतं: चुकून की मुद्दाम?

त्यांनी विचारलं, "बाळा, मुद्दाम टाकलास का?"

"हो सर," धाकटी म्हणाली. "बाहेरून आणून टाकला."

 समोरची कॅप्टन म्हणाली, "सर, चुकूनच आहे, आमचे दोन द्या." आमचे सर बाकावरून म्हणाले, "मुलगी स्वतः सांगतेय मुद्दाम टाकला म्हणून!" पंच म्हणाले, "सर, मुद्दाम आपल्याच रिंगमध्ये कोण टाकेल?" आमचे सर म्हणाले, "आमच्याकडे एकच आहे." 

शेवटी दोन गुण त्यांना मिळाले. नियमाप्रमाणे ते त्यांच्या कॅप्टनच्या खात्यात लागले, जिने चेंडूला हातही लावला नव्हता. धाकटी बाकावर येऊन टॉवेलमध्ये तोंड घालून बसली. मी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही. टॉवेलच्या आतून म्हणाली, "माझ्यामुळं शेड होणार."

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. दुसरा खांब कापणारा समोर नव्हता. ती दोन गुणांची चूक त्याची होती.

मध्यंतरानंतर काय बदललं, हे मी कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. आमच्या मुली अचानक चांगल्या खेळायला लागल्या असं झालं नाही. त्या तशाच खेळत राहिल्या. अर्ध्या कोर्टावर वाढलेल्यांना गर्दीची सवय असते. जिथे दुसऱ्यांचा गोंधळ होतो, तिथे त्या निवांत असतात. थकत गेल्या त्या समोरच्या. साताऱ्याची मुलगी पास द्यायची तिथे नाशिकची नसायची. मग दोघी एकमेकींकडे हात पसरून बघायच्या: "अगं, कुठे होतीस?" "तूच बघ ना आधी!" सर म्हणाले होते तसंच, शब्दशः. आणि त्याच वेळी आमच्या बाजूने, न वळता, न विचारता: हाय. हाय. हाय.

कट्ट्यावरचे हात कधी खाली आले, ते मला सांगता येणार नाही. पण शेवटच्या क्वार्टरमध्ये त्यांची चेंडू पुढे आणणारी मुलगी, गार्ड म्हणतात तिला, पुढे सरसावली, पाठीमागून "हाय!" ऐकू आलं, आणि ती थबकली. अजून कोणी अडवलं नव्हतं. नुसत्या शब्दावर थबकली. तेव्हा मला वाटलं, आता हा शब्द तिलाही कळला.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे. धाकटीला सरांनी परत आत पाठवलं होतं, कारण उंच मुलीचे पाच फाऊल होऊन ती बाहेर बसली होती. चेंडू त्यांच्याकडे. गार्ड आत घुसली, कॅप्टन समोर आली. "हाय!" गार्डने उजवीकडे पास दिला, तिथेही आमची एक उभी. "हाय!" परत डावीकडे. वेळ संपत होता. तिथून घाईत मारलेला फटका फळीवर आपटला, रिंगवर नाचला आणि खाली पडला. धाकटीच्या हातात.

 चेंडू हातात, रिंग डोक्यावर, आणि समोर ती रेषा. आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. कोणी "पुढे!", कोणी "नको!", सरांनी तर "बाळ, खाली बस!" असं ओरडल्याचं मला स्पष्ट आठवतं. धाकटीने काहीच केलं नाही. चेंडू पोटाशी धरून, डोळे गच्च मिटून ती नुसती उभी राहिली. शिट्टी झाली तरी तिने डोळे उघडले नाहीत. मग कॅप्टन मागून गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "हाय गं. सोड आता."

हात मिळवताना समोरच्या कॅप्टनने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "तुम्ही एवढा वेळ हाय कुणाला करत होतात?"

"तुम्हालाच," आमची कॅप्टन म्हणाली. "तुम्ही ओळखच दाखवली नाही."

दुसऱ्या फेरीत आम्ही सपशेल हरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समोरच्या संघातल्या मुली दोन वर्षं एकत्र होत्या आणि त्यांना दोन रिंगा होत्या.

प्राचार्यांनी शब्द पाळला, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी सगळ्या संघाला बोलावलं, मलाही. पेढा दिला. "शेड रद्द. झालं समाधान?" कॅप्टनने पेढा हातातच धरून विचारलं, "सर, मग दुसरा खांब?"

ते हसले. "अहो, एका रिंगवर जिंकता की तुम्ही! दोन दिल्या तर बिघडाल." तिथे बसलेले दोन-तीन प्राध्यापकही हसले. एकजण म्हणाले, अभावातूनच गुणवत्ता येते बघा.

हे वाक्य गोड आहे, म्हणूनच ते मला सगळ्यात घातक वाटतं. आमच्या मुली एकमेकींना ओळखतात म्हणून जिंकल्या. दरवर्षी नव्याने विकत आणलेल्यासारखा नाही, उगवलेला संघ होता म्हणून जिंकल्या. आपल्या शब्दाची लाज वाटली नाही म्हणून जिंकल्या. यात खांब नसल्याचा काय संबंध? एका रिंगने आम्हाला नेमकं काय दिलं ते मी सांगते: समोरच्या संघाला दोन गुण. लहान कॉलेजांचं कौतुक करायचं असेल तर जरूर करा, पण त्यांच्या उणिवेचं करू नका. तिच्यावर टाळ्या वाजवल्या की ती कायमची राहते. हे टाळ्या वाजवलेली बाई सांगते आहे.

मी तावातावाने पत्रक लिहिलं. प्रश्न, अन्याय, मागण्या. दुसऱ्या सकाळी कोर्टावर नेऊन कॅप्टनच्या हातात दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग विचारलं, "यात शेड आहे. ती तर रद्द झाली."

"खांबाचंही आहे."

"ते ठीक. पण आज खेळायचं कुठं, ते लिहिलंयस का?"

मी वर पाहिलं. शेड रद्द झाली होती, म्हणून गाड्या आपल्या आपण आल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या कोर्टावर दोन रांगा, आणि तिसरी रांग आमच्या रेषेच्या आत, थेट रिंगखालपर्यंत. कोणी हुकूम दिला नव्हता. सूचना नव्हती, सही नव्हती. मी एकेक गाडी बघत गेले. माझ्या वर्गातल्या मुलाची. माझ्या मैत्रिणीची, जिने जिंकल्यावर संघाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. आणि अगदी खांबाला टेकून, अभावातून गुणवत्ता आणणाऱ्या त्या प्राध्यापकांची.

पत्रक हातात घेऊन मी 'ते' शोधत होते आणि 'ते' कुठेच नव्हते. माझ्या लहानपणापासूनच्या मांडणीत याला जागाच नव्हती. आता हे लिहायचं कुणाविरुद्ध?

कॅप्टनने पत्रकाची नीट घडी घातली आणि मला परत दिली. मग त्या प्राध्यापकांच्या स्कूटरचं हँडल धरलं. ते कुलूपबंद होतं. "ए पत्रक," ती म्हणाली, "मागून उचल."

मी उचललं. स्कूटर केवढी जड असते, हे मागचं चाक हातात आल्याशिवाय कळत नाही. आणि मला काय म्हणायचं ते सुचायच्या आत तोंडातून सुटलं, "हाय!" तिने मागे वळून पाहिलं नाही. पुढचं चाक उचललं.

आता कॅप्टन कॉलेजात नाही. एका खासगी कंपनीत हिशेब बघते आणि रविवारी येते. धाकटी कॅप्टन आहे. दुसरा खांब अजून नाही, त्याचा अर्ज आम्ही दर सत्राला देतो आणि देत राहू. यंदाही मोसम सुरू होतो आहे. आत्ताच, जेव्हा लहान संघ मोठे असतात. आणि यंदाही सकाळी आधी गाड्या उचलाव्या लागतात, मग खेळ.

म्हणून हे पत्रक तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या कॉलेजात, शाळेच्या मागे, सोसायटीच्या कडेला एखादा गंजका खांब असेल. उद्या सकाळी गाडी स्टँडवर लावायच्या आधी एकदा वर बघा. डोक्यावर रिंग असेल, तर गाडी तिथून काढा. शेजारची कुलूपबंद असेल, तर कोणाला तरी मागून उचलायला सांगा. आणि जागा मोकळी झाली की लगेच निघून जाऊ नका. हेल्मेट खाली ठेवा आणि बसा, शेवटची शिट्टी होईपर्यंत.